जुन्या फितींतील सूर आणि रसिकांचे कर्तव्य

संगीतावर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसाला आपल्या आवडत्या कलावंताचे गाणे कितीही ऐकावयास मिळाले, तरी ते अपुरेच वाटते. कलावंत इहलोक सोडून गेल्यावर तर ही ओढ अधिकच वाढते, कारण आता नवे काही ऐकावयास मिळणार नाही, हे त्याला ठाऊक असते. अशा वेळी एखाद्या दिवशी वार्ता येते की, कोठल्याशा कपाटात त्या कलावंताची एक जुनी ध्वनिफीत सापडली असून ती लवकरच प्रसिद्ध होणार आहे. रसिक हरखून जातात. परंतु लगेच त्यांच्यात मतभेदही सुरू होतात. कोणी म्हणतो, 'जे जे उपलब्ध आहे ते ते सर्व जगापुढे आलेच पाहिजे.' दुसरा म्हणतो, 'कलावंताने जे स्वतः बाहेर आणले नाही, ते त्याच्यामागे आपण का आणावे?' हा वाद वरवर पाहता गाण्याच्या शौकिनांपुरता दिसतो. वस्तुतः त्यात आपणां सर्वांच्या विचाराचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि आपल्या पेडणे-डिचोलीच्या घराघरांशीही त्याचा संबंध पोहोचतो. म्हणून विद्यार्थी मित्रांनी तो नीट समजून घ्यावा, अशी इच्छा आहे.

एखादे ध्वनिमुद्रण अप्रकाशित का राहते, हे आधी पाहू. याची मुख्य कारणे चार आहेत. पहिले कारण यंत्राच्या मर्यादेचे. हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ साली कलकत्त्यास प्रारंभ झाला. त्या काळच्या, मिनिटास सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस तीन ते साडेचार मिनिटांचेच गाणे मावे. जो ख्याल मैफलीत तासभर रंगायचा, तो साडेतीन मिनिटांत बसवावयाचा, म्हणजे समुद्राचे पाणी तांब्यात भरण्यासारखेच होते. पुढे चुंबकीय फितीचे यंत्र आले, तेव्हा मैफल सलग टिपता येऊ लागली. परंतु अशा फिती बहुधा खासगी राहिल्या. दुसरे कारण व्यवहाराचे. चित्रपट अर्धवट राहतो, कंपनी बंद पडते आणि मुद्रित झालेले गीत तसेच पडून राहते. तिसरे कारण निव्वळ गहाळपणाचे. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे कलावंताची स्वतःची नापसंती. 'हे माझ्या मनासारखे झाले नाही' असे म्हणून तो ते बाजूस ठेवतो. ही चार कारणे लक्षात ठेवावीत, कारण वादाचा निकाल लावताना त्यांचाच उपयोग होणार आहे.

आता आपल्या गोमंतकाच्या दोन सुकन्यांची उदाहरणे घेऊ. सुरश्री केसरबाई केरकर यांचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी केरी येथे झाला. ही केरी फोंडे महालातील. पेडण्याची समुद्रकाठची केरी किंवा सत्तरीतील केरी नव्हे. अब्दुल करीमखाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशा थोर गुरूंकडून शिक्षण घेत त्या अखेर १९२१ च्या सुमारास अल्लादियाखाँ यांच्या शिष्या झाल्या आणि जयपूर-अत्रौली गायकीच्या अग्रगण्य गायिका म्हणून देशभर गाजल्या. 'सुरश्री' ही पदवी त्यांना १९४८ साली कलकत्त्याच्या रसिकांनी दिली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६९ साली पद्मभूषण, असे मानसन्मान त्यांच्याकडे चालत आले. परंतु एवढ्या मोठ्या गायिकेने तबकड्या मात्र मोजक्याच दिल्या. आपली कला लोकांपुढे कोणत्या स्वरूपात जावी, याविषयी त्या फार काटेकोर होत्या. १९६३-६४ च्या सुमारास त्यांनी जाहीर गायन थांबविले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्या निवर्तल्या.

त्याच वर्षी त्यांच्या एका तबकडीस विलक्षण भाग्य लाभले. अमेरिकेने २० ऑगस्ट व ५ सप्टेंबर १९७७ रोजी व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. प्रत्येक यानावर पृथ्वीवरील ध्वनी कोरलेली एक सोनेरी तबकडी बसविलेली आहे, आणि तीत केसरबाईंची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. ती निवडण्याची शिफारस रॉबर्ट ब्राउन या संगीतज्ञाने केली होती. परंतु मूळ तबकडी मिळेना. अखेर न्यूयॉर्क शहरातील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, मेजाखाली पडलेल्या एका खोक्यात, तिच्या तीन प्रती सापडल्या. एका थोर गायिकेचा सूर सूर्यमालेपलीकडे जाणार की नाही, हे अशा एका धुळीच्या खोक्यावर अवलंबून होते, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

या सोनेरी तबकडीचा उत्तरार्धही आपल्या विषयाशी जुळतो. अवकाशात गेलेल्या त्या संग्रहाची सर्वसामान्यांना विकत घेता येईल अशी ग्रामोफोनची तबकडी तब्बल चाळीस वर्षे निघाली नव्हती. २०१६ साली ती काढण्यासाठी लोकांकडे वर्गणी मागण्यात आली, तेव्हा जगभरातून दहा हजारांहून अधिक लोकांनी पैसे पाठविले आणि २०१७ साली तो संच प्रसिद्ध झाला. रसिकाची भूक किती खरी असते, याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा? ज्यांनी केरीचे नावही कधी ऐकले नव्हते, अशा माणसांच्या घरी केसरबाईंची भैरवी पोहोचली.

दुसरे उदाहरण लता मंगेशकर यांचे. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ हे आमच्या मंगेशीचे. १९९० नंतरच्या दशकात विशाल भारद्वाज या संगीतकाराने एका चित्रपटासाठी गुलजार यांचे 'ठीक नहीं लगता' हे गीत लताबाईंकडून गाऊन घेतले. तो चित्रपट पुरा झाला नाही, आणि मुद्रणही गहाळ झाले. पुष्कळ वर्षांनी एका ध्वनिमुद्रणगृहात त्यांचे नाव लिहिलेली फीत आढळली, आणि २८ सप्टेंबर २०२१ रोजी, लताबाईंच्या ब्याण्णवाव्या वाढदिवशी, ते गीत प्रसिद्ध झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी, ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, त्यांचे देहावसान झाले. या प्रसंगी रसिकांच्या आनंदात किंतु उरला नाही. याचे कारण उघड आहे. गीत अडले होते ते चित्रपट अडल्यामुळे. गायिकेच्या नापसंतीमुळे नव्हे. शिवाय ते बाहेर आले तेव्हा गायिका हयात होती आणि तिच्या संमतीनेच ते आले.

हाच अनुभव सातासमुद्रापलीकडच्या, आपल्या गायकीहून अगदी निराळ्या संगीतातही येतो. १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्क व लंडन येथील तरुणांत 'पंक' नावाचा एक प्रकार निघाला. गाणी आखूड, ठेका जलद, आवाज कर्कश आणि शब्द रोखठोक. बेकारीने व कंटाळ्याने त्रासलेल्या पोरांनी 'आम्हांला संगीत येत नसले तरी बोलावयाचे आहे' अशा आवेशाने ती गाइली. त्यांपैकी 'द क्लॅश' या लंडनच्या मेळ्याने १९७९ च्या डिसेंबरात 'लंडन कॉलिंग' हा आपला गाजलेला संग्रह काढला. त्याच्या तालमींच्या फिती निर्मात्याकडे पोहोचविण्यास निघालेल्या नोकराने त्या रेल्वेच्या प्रवासात हरविल्या, आणि त्या कायमच्या गेल्या असे सर्वांनी मानले. परंतु २००४ साली त्या मेळ्यातील वादक मिक जोन्स याला आपल्या जुन्या खोक्यांत त्यांची दुसरी प्रत मिळाली. त्याच वर्षी, संग्रहाच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त, त्यांतील एकवीस तुकडे प्रसिद्ध झाले. मुख्य गायक जो स्ट्रमर मात्र २००२ साली वारला होता. त्याचे मत विचारण्याची सोय उरली नव्हती.

अशा प्रसंगी चाहत्यांचे जे प्रतिसाद उमटतात, ते ख्यालाचे रसिक असोत की पंकचे, पुष्कळसे सारखेच असतात. सोयीसाठी त्यांचे चार वर्ग पाडू.

पहिला वर्ग भुकेल्यांचा. त्यांना एकही स्वर गमवावयाचा नसतो. फितीत खरखर असो, मध्येच कोणी खोकलेले असो, त्यांना ते सारे गोडच वाटते. दुसरा वर्ग भक्तांचा. कलावंताची जी प्रतिमा त्यांनी मनात जपलेली असते, तिला तडा जाईल अशी त्यांना भीती वाटते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण त्यांच्या ओठांवर असते. तिसरा वर्ग अभ्यासकांचा. पुरे झालेले काम त्यांनी ऐकलेलेच असते. ते कसे पुरे झाले, हे त्यांना पाहावयाचे असते. कच्च्या तालमीत एखादी ओळ अजून जुळलेली नसते, एखादी तान समेवर येताना डगमगते, आणि त्यावरूनच सराव म्हणजे काय हे उमगते. चौथा वर्ग संग्राहकांचा. यांनी वर्षानुवर्षे फिती मिळविलेल्या, उतरवून घेतलेल्या, मित्रांशी देवघेव करून वाढविलेल्या असतात. दुर्मिळ वस्तू बाजारात आली म्हणजे त्यांना आनंदाबरोबर थोडी हुरहूरही लागते. तथापि या लोकांच्या चिकाटीमुळेच पुष्कळ ठेवा वाचला, हे कबूल केले पाहिजे. १९९० साली मुंबईस भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांची एक संस्था स्थापन झाली, तीही याच चिकाटीतून.

या चौघांत खरे कोण? माझ्या मते प्रत्येकाजवळ सत्याचा एकेक अंश आहे, आणि निवाडा करावयाचा तर आधी विचारावे की, हे ध्वनिमुद्रण कशामुळे अडून राहिले होते? यंत्राच्या मर्यादेमुळे, व्यवहाराच्या अडचणीमुळे किंवा गहाळपणामुळे अडले असेल, तर ते बाहेर आणणे हे पुण्यकर्मच होय. परंतु कलावंताने जाणूनबुजून मागे ठेवलेले असेल, तर केवळ आपली भूक हे ते प्रसिद्ध करण्यास पुरेसे कारण नाही. केसरबाईंचेच पाहा. त्यांनी मोजक्या तबकड्या दिल्या. पण त्यांच्या मैफलींची खासगी ध्वनिमुद्रणे पुढे रसिकांच्या हातोहात फिरली. ती नसती तर त्यांच्या संथ, विस्तृत आलापीची कल्पना साडेतीन मिनिटांच्या तबकडीवरून आपणांस कशी आली असती? तेव्हा ती नष्ट व्हावीत, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. ती जपावी, शिष्यांनी व अभ्यासकांनी ऐकावी. बाजारात आणावयाची झाल्यास वारसांच्या अनुमतीने आणावी. आणि 'हे कलावंताने स्वतः निवडून दिलेले गायन नव्हे' असे वेष्टनावर स्वच्छ लिहावे. जपणे आणि प्रसिद्ध करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीला कोणाचीही मनाई नसावी. दुसरीला विचार हवा.

कायद्यानेही हा विचार मान्य केला आहे. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली गायक-वादकांच्या हक्काला स्वतंत्र स्थान मिळाले. त्यानुसार कलावंताच्या संमतीवाचून त्याच्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण करून ते प्रसिद्ध करता येत नाही. १९९९ च्या दुरुस्तीपासून हा हक्क प्रयोगानंतर पन्नास वर्षे टिकतो. प्रकाशित ध्वनिमुद्रिकेवरील निर्मात्याचा हक्क साठ वर्षांचा आहे.

संमतीइतकेच महत्त्व प्रामाणिकपणाला आहे. जुने ध्वनिमुद्रण नव्याने काढताना त्यात किती फेरफार केला, हे सांगितलेच पाहिजे. एक साधे उदाहरण घ्या. ७८ फेऱ्यांची तबकडी चुकून ८२-८३ फेऱ्यांच्या गतीने फिरविली, तर सूर जवळजवळ एका पट्टीने चढतो. काळी एकमध्ये गाणारी गायिका पांढरी दोनमध्ये गात असल्यासारखी वाटते, लय जलद होते आणि आवाज पातळ होतो. ऐकणारा मात्र समजतो की, बाईंचा आवाजच तसा होता! एवढ्याशा चुकीने जर इतका अन्याय होत असेल, तर आजच्या गणकयंत्रांच्या करामतीने काय होणार नाही? २०२३ च्या नोव्हेंबरात 'बीटल्स' या जगप्रसिद्ध मेळ्याचे 'नाउ अँड देन' हे गीत निघाले. जॉन लेनन याने घरी पियानोवर म्हटलेल्या जुन्या फितीतून त्याचा आवाज नव्या यंत्रविद्येने सुटा केला आणि हयात साथीदारांनी त्यावर वाद्ये चढविली. लेनन १९८० सालीच गेला होता. काम कसे केले हे त्यांनी जाहीरपणे सांगितले, म्हणून ऐकणाऱ्याची फसवणूक झाली नाही. परंतु आता मृत गायकाचा आवाज बनवून त्याने कधीच न गाइलेले गीत त्याच्या तोंडी घालणेही शक्य झाले आहे. अशा काळात 'हे मूळ, हे दुरुस्त केलेले, हे नवे' असा स्पष्ट निर्वाळा नसेल, तर खरी फीतही लोकांना खोटी वाटू लागेल. म्हणून मूळ ध्वनिमुद्रणाची एक प्रत कसलीही सफाई न करता तशीच राखून ठेवणे आवश्यक आहे.

आता थोडे आपल्या घराकडे वळू. तुम्ही म्हणाल, केसरबाई नि लताबाई कोठे आणि आम्ही कोठे! परंतु पेडणे व डिचोली महालांतील कितीतरी घरांत माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी जुन्या कॅसेटी पडलेल्या आहेत. १९६३ साली निघालेली ही लहानशी पेटी पुढे गावोगाव पोहोचली आणि आखातात वा मुंबईस नोकरी करणाऱ्या मुलांनी घरी टेपरेकॉर्डर आणले. त्या फितींवर कोणाच्या तरी आजीच्या ओव्या आहेत, कोठे देवळातील सप्ताहाचे भजन आहे, कोठे घुमटावरील आरती, तर कोठे एखाद्या दशावतारी नाटकाची रात्र. घरी कोकणी आणि देवळात मराठी, असा जो आपला दुपदरी संसार आहे, त्याचा नाद एकाच फितीवर ऐकू येतो. बाजारात न आलेली ही आपली अप्रकाशित ध्वनिमुद्रणे होत. आणि आपल्या चार महिन्यांच्या पावसाळी दमटपणामुळे त्यांना बुरशी चढत आहे. फितीच्या प्लास्टिकवर लोहकणांचा जो पातळ थर असतो, त्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थ ओल शोषतो. मग फीत चिकटते, थर सुटू लागतो आणि त्याबरोबर सूरही जातो.

म्हणून विद्यार्थ्यांनी या सुटीत पुढील गोष्टी कराव्यात. कॅसेटी कोरड्या जागी, ध्वनिवर्धकाच्या लोहचुंबकापासून दूर, उभ्या ठेवाव्यात. कॅसेटच्या पाठीवरचे दोन चिमुकले प्लास्टिकचे कान मोडावेत, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. बुरशी दिसत असेल तर ती यंत्रात घालू नये, जाणकाराकडे न्यावी. चांगल्या फितीची गणकयंत्रावर प्रत करून ती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, गाणारे कोण, गाव कोणते, साल कोणते, निमित्त कोणते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून ठेवावे. नाव नसलेला आवाज दोन पिढ्यांत पोरका होतो.

येथेच आपला मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. समजा, तुमच्या हाती धालोंच्या गीतांची एक फीत लागली. पौषातील चांदण्या रात्री आपल्या आयाबहिणी मांडावर जमतात आणि दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहून गातात. ती गीते त्यांनी आपल्या मांडासाठी, आपल्या ग्रामदेवतेसाठी आणि एकमेकींसाठी म्हटली. 'हे सुंदर आहे, सर्व जगाला ऐकवू या' असा तुमचा मोह स्वाभाविक आणि निर्मळही आहे. तरीही तो फोन खिशातून काढण्यापूर्वी त्या मावशीकडे जा, तिला फीत ऐकवा आणि विचारा, 'हे बाहेर दिले तर चालेल का?' ती हसून हो म्हणेल, किंवा 'ही दोन द्या, ते तिसरे मांडावरचेच राहू दे' असेही म्हणेल. तिचा हा निर्णय केसरबाईंच्या निर्णयाइतकाच मानाचा आहे. ज्या बाईला पद्मभूषण मिळालेले नाही, तिच्या सुरावरही तिचाच पहिला अधिकार असतो. ती जर आज हयात नसेल, तर तिच्या मुलालेकींना विचारावे, आणि कोणीच सांगणारे नसेल तर जपून ठेवून वाट पाहावी.

चांगला रसिक ऐकण्यास उत्सुक असतो. पण ज्याने गाइले त्याची आठवण तो आपल्या उत्सुकतेच्या आधी ठेवतो. विचारण्यासाठी माणसे आहेत तोवर विचारणे सोपे आहे. येत्या पौषापूर्वी, आणि पुढचा पाऊस लागण्यापूर्वी, आपापल्या माळ्यावरची ती धुळीची पेटी एकदा खाली उतरवा.